परदेशी वर्क परमिटसाठी कन्सल्टंट गाठताय? या चुका टाळा

नागपुरात परदेशी नोकरीची फाइल लावून देणाऱ्यांची वाण नाही. धरमपेठ, रामदासपेठ, सदर, कुठेही जा, भिंतीवर चार देशांचे झेंडे आणि काचेखाली कोणाच्या तरी व्हिसाची रंगीत झेरॉक्स. आत गेलेला माणूस दोन गोष्टी हमखास विचारतो: किती लागतील आणि किती दिवसांत होईल. त्या देशाच्या सरकारपुढे माझ्या वतीने उभं राहायचा परवाना नेमका कोणाकडे आहे, हे विचारायचं राहून जातं. पुढचा बहुतेक घोळ तिथेच सुरू होतो.

कॅनडाचंच घेऊ. आपल्याकडे चौकशी तिथली फार होते आणि नियमही स्पष्ट आहेत.

पाटी बघून पैसे देणं

कॅनडाच्या अर्जासाठी पैसे घेऊन सल्ला द्यायचा किंवा प्रतिनिधी व्हायचा हक्क मोजक्यांनाच आहे. तिथल्या एखाद्या प्रांताच्या लॉ सोसायटीचा सदस्य असलेला वकील किंवा पॅरालीगल (वकील नसलेला, पण कायद्याचं ठरावीक काम करायचा परवाना असलेला), क्युबेकचा नोटरी, नाहीतर ‘कॉलेज ऑफ इमिग्रेशन अँड सिटिझनशिप कन्सल्टंट्स’चा परवानाधारक, ज्याला सगळे आरसीआयसी म्हणतात. हे कॉलेज नोव्हेंबर २०२१ पासून काम बघतं. त्याआधीची आयसीसीआरसी ही संस्था आता राहिलेली नाही, त्यामुळे तिचं फ्रेम केलेलं सर्टिफिकेट कोणी अभिमानाने दाखवत असेल तर आज परवाना चालू आहे की नाही हे त्यावरून कळत नाही. सिव्हिल लाइन्सला हायकोर्टात प्रॅक्टिस करणारे आपले वकीलसाहेब कितीही नावाजलेले असोत, तेवढ्या सनदेवर त्यांना कॅनडाच्या अर्जात फी घेऊन तुमचं प्रतिनिधित्व करता येत नाही. इथला करारनामा तपासून घ्यायला मात्र त्यांच्याकडे जरूर जा.

आरसीआयसीचा नंबर इंग्रजी ‘आर’ आणि पुढे सहा आकडे असा असतो. तो कॉलेजच्या वेबसाइटवरच्या सार्वजनिक यादीत टाकून बघा. नाव जुळतं का? परवाना चालू आहे की निलंबित? एवढ्यावर थांबू नका, कारण नंबर खरा असूनही फसगत होते. नाव टोरंटोतल्या कुठल्याशा मॅडमचं असतं आणि नागपुरात आपल्या नावावर फाइल चालू आहे याचा त्यांना पत्ताच नसतो. म्हणून ऑफिसने दिलेल्या नाही, तर यादीत छापलेल्या ईमेलवर स्वतः लिहून विचारा आणि एक व्हिडिओ कॉल मागा. ‘मॅडम बिझी असतात भाऊ, तुम्ही काऊन टेन्शन घेता’ असं उत्तर मिळालं तर चेकबुक बॅगेतच राहू द्या. लेखी करार परवानाधारकाशीच करा आणि त्यात फी, कामाची यादी आणि परतावा कधी मिळेल हे लिहून घ्या.

आणखी एक खूण आहे. प्रतिनिधी नेमला असेल तर आयएमएम ५४७६ हा फॉर्म भरावा लागतो. त्यावर त्याचं नाव, परवाना क्रमांक आणि दोघांच्या सह्या असतात. ‘त्याची गरज नाही, तुमच्याच नावाने लॉगिन काढून टाकू’ असं जो म्हणतो, त्याला स्वतःचं नाव कागदावर नको आहे. मग ईमेल त्याने काढलेला, पासवर्ड त्याच्याकडे आणि सरकारच्या लेखी अर्ज भरलेला तुम्ही. पैसे घेणारा अनधिकृत प्रतिनिधी असल्याचं उघडकीला आलं तर अर्ज परत येऊ शकतो किंवा नाकारलाही जाऊ शकतो.

‘सही करा, बाकी आम्ही भरतो’

माझ्या मते यासारखी महाग चूक दुसरी नाही. भारतातून वर्क परमिट मागताना आयएमएम १२९५ हा फॉर्म असतो. त्यात विचारलेलं असतं की कॅनडाने किंवा इतर कोणत्याही देशाने तुम्हाला कधी व्हिसा किंवा प्रवेश नाकारला आहे का. समजा, कामठीच्या एका वेल्डरला पूर्वी ब्रिटनचा व्हिजिटर व्हिसा नाकारला गेलाय. एजंट ‘नाही’वर टिक करतो आणि म्हणतो, ते प्रकरण वेगळं, उगाच कशाला सांगायचं. पण हे देश एकमेकांशी माहिती वाटून घेतात. खोटं पकडलं गेलं की कॅनडाच्या इमिग्रेशन कायद्याच्या ४०व्या कलमाखाली पाच वर्षं दार बंद. ‘एजंटने भरलं’ ही सबब सहसा टिकत नाही. खरं तर जुना नकार सांगितला असता आणि कारण जोडलं असतं, तर त्या एका गोष्टीवरून अर्ज पडलाच असता असं नाही.

हिंगण्याच्या वर्कशॉपमधून ओळखीने मिळवलेल्या अनुभवपत्राचंही तसंच. व्हिसा अधिकारी फोन करून खातरजमा करू शकतो. तेव्हा उचलणाऱ्याने ‘कोण हो हा?’ विचारलं की संपलं.

अर्ज जाण्याआधी त्याची पूर्ण पीडीएफ मागून घरी बसून वाचा. नावं नीट बघा. बोर्डाची मार्कशीट आडनावाने सुरू होते, पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात जातं आणि वडिलांचं नाव कधी असतं, कधी नसतं. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांचं तर तीन कागदांवर तीन प्रकारचं निघतं. ही सगळी एकच व्यक्ती असल्याचं ॲफिडेव्हिट आधीच जोडा. मराठी कागदांना इंग्रजी किंवा फ्रेंच भाषांतर लागतं. ते तुम्ही, घरच्यांनी किंवा तुमच्या कन्सल्टंटने केलेलं चालत नाही.

एलएमआयए विकत घेणं

एलएमआयए म्हणजे ‘लेबर मार्केट इम्पॅक्ट असेसमेंट’, परदेशी कामगार घेण्यासाठीची मंजुरी. हा कागद नोकरी देणाऱ्या मालकाने तिथल्या सरकारकडून आणायचा असतो. त्याची दर जागेमागची १,००० कॅनेडियन डॉलर फी मालकाने भरायची आणि ती कामगाराकडून वसूल करायला बंदी आहे. तुमच्या वाट्याला परमिटचे १५५ आणि बायोमेट्रिकचे ८५ डॉलर, शिवाय कन्सल्टंटची फी. ‘एलएमआयएचे पंधरा लाख’ मागणारा बेकायदा सौदा करतोय. ‘पीआरचे (तिथे कायम राहायच्या परवानगीचे) पॉइंट वाढतील’ हे आमिष तर शिळं झालंय. एक्स्प्रेस एंट्री या पीआरसाठीच्या गुणांवरच्या निवडपद्धतीतले नोकरीच्या ऑफरचे गुण २५ मार्च २०२५ पासून काढून टाकले आहेत.

नकार आल्यावर तीच फाइल पुन्हा टाकणं

कारण न समजून घेता दुसरा अर्ज केला की दुसरा नकार येतो. आधी अधिकाऱ्याच्या नोंदी मागवा. निर्णयच चुकीचा वाटत असेल तर तिथल्या फेडरल कोर्टात जाता येतं. कॅनडाबाहेरच्या निर्णयासाठी मुदत ६० दिवसांची, कॅनडात घेतलेल्या निर्णयासाठी फक्त १५. हे काम आरसीआयसीचं नाही, वकिलाचं. ‘थांबा, बघतो’ म्हणणाऱ्या कन्सल्टंटच्या भरवशावर ही मुदत निघून जाते.

आखातात जाणाऱ्यांचा हिशेब वेगळा आहे. तिथे बघायची ती भारत सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवरची भर्ती एजंटची नोंदणी. त्याला सेवाशुल्क जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि वर जीएसटी एवढंच घेता येतं. दहावी पास नसाल आणि पासपोर्ट ईसीआर (एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड) असेल, तर ठरावीक १८ देशांत नोकरीला जाण्याआधी एमिग्रेशन क्लिअरन्स लागतो. ‘आधी व्हिजिट व्हिसावर चला, तिथे बदलून देऊ’ म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका.

पैसे देऊन बसला असाल तर

भांडण नंतर. आधी लॉगिन आणि जमा केलेल्या सगळ्या कागदांच्या प्रती मिळवा, पासवर्ड बदला. प्रतिनिधी काढून टाकायलाही तोच ५४७६ फॉर्म चालतो. अर्जात चुकीची माहिती गेलेली दिसली आणि निर्णय अजून यायचा असेल, तर कॅनडाच्या इमिग्रेशन खात्याच्या वेबफॉर्मवरून ताबडतोब कळवा. अर्थात खोटं बरंच असेल तर आधी तिथल्या वकिलाशी बोला. परवानाधारकाविरुद्ध कॉलेजकडे तक्रार करता येते. परवानाच नसलेल्याविरुद्ध आपल्या पोलीस ठाण्यात, भारतीय न्याय संहितेच्या ३१८व्या कलमाखाली फसवणुकीची. सोबत बँकेचं स्टेटमेंट, यूपीआयच्या नोंदी आणि व्हॉट्सॲपचं संभाषण न्या. रोख दिलेल्या पैशांची पावती नसेल, तर रक्कम किती आणि कशासाठी घेतली हे त्याला व्हॉट्सॲपवर विचारून लेखी उत्तर मिळतंय का ते तक्रारीआधीच बघा.