‘मे गुस्तारीआ’: ‘मला आवडेल’ हे स्पॅनिशमध्ये नेमके कसे म्हणावे

जळगाव-धुळ्याकडे स्पॅनिश शिकणारे बहुतेक जण ती इंग्रजीच्या आधाराने शिकतात, कारण हाताशी येणारी पुस्तके इंग्रजीतच असतात. एरवी त्याने फारसे बिघडत नाही; भावना सांगणाऱ्या क्रियापदांच्या बाबतीत मात्र बिघडते. ‘गुस्तार’ म्हणजे आवडणे. इंग्रजीच्या वळणाने विचार करणारा विद्यार्थी ‘यो गुस्तारीआ’ असे म्हणून बसतो. ‘यो’ म्हणजे ‘मी’, तेव्हा त्याचा अर्थ ‘मी आवडेन’ असा काहीतरी होतो. तोच विद्यार्थी मराठीत ‘मी भरीत आवडतो’ असे चुकूनही म्हणणार नाही. भरीत आवडते ते ‘मला’, आणि स्पॅनिशची रचनाही अगदी हीच आहे: आवडणारी वस्तू कर्ता, आणि ज्याला ती आवडते तो चतुर्थीत. म्हणून माझे आग्रहाचे सांगणे असे की, या क्रियापदापुरते इंग्रजी पुस्तक मिटून ठेवावे आणि मराठीतून थेट स्पॅनिशमध्ये जावे.

अहिराणी बोलणाऱ्यांना तर आणखी एक सोय आहे. ‘त्याला, तिला’ यांसाठी स्पॅनिशमध्ये ‘ले’ हा शब्द आहे आणि अहिराणीत ‘त्याले, तिले’ म्हणताना आपण तोच ध्वनी उच्चारतो. या दोहोंत नाते काही नाही, हा निव्वळ योगायोग आहे. पण ‘ले गुस्तारीआ’ म्हणजे ‘त्याले आवडेल’ हे एकदा कानात बसले की पुन्हा विसरत नाही. बाकीची सर्वनामे अशी: मला ‘मे’, तुला ‘ते’, आम्हाला ‘नोस’, त्यांना ‘लेस’. ‘तुम्हा सर्वांना’ यासाठी स्पेनमध्ये ‘ओस’ वापरतात, लॅटिन अमेरिकेत तेथेही ‘लेस’च. नकार द्यायचा असल्यास ‘नो’ सर्वनामाच्या आधी येतो: ‘नो मे गुस्तारीआ’.

संकेतार्थाचे, म्हणजे ‘असे झाले तर’ या अटीवरची गोष्ट सांगणारे, रूप बनवणे सोपे आहे. मूळ क्रियापद पूर्ण ठेवून त्याला ‘ईआ’ जोडावे: गुस्तार, गुस्तारीआ. लिहिताना या ‘ई’वर तिरकी रेघ द्यावीच लागते आणि बोलताना आघातही तेथेच येतो. कर्ता अनेकवचनी असेल तर शेवटी ‘न’ लागतो. रावेर-यावलची केळी पाहुण्यापुढे ठेवून ‘तुला केळी आवडतील का?’ असे विचारायचे असेल, तर ‘ते गुस्तारीआन उनोस प्लातानोस?’ असे म्हणावे. मराठीत ‘आवडेल’चे ‘आवडतील’ होते तसेच हे आहे. मात्र क्रिया कितीही असल्या तरी एकवचनच राहते: ‘मे गुस्तारीआ कान्तार ई बाइलार’, मला गायला आणि नाचायला आवडेल. उच्चारात ‘त’ हा आपला दंत्य ‘त’च ठेवावा, इंग्रजीसारखा ‘ट’ करू नये.

खरी अडचण रूपाची नाही, ती आपल्या ‘आवडेल’ या शब्दात आहे, कारण हा एक शब्द स्पॅनिशमध्ये दोन ठिकाणी विभागला जातो. पाहुणा भुसावळच्या गाडीत बसलेला आहे, रात्री भरीत होणारच आहे, आणि आपण खात्रीने म्हणतो, ‘तुला भरीत आवडेल’. येथे साधा भविष्यकाळ हवा: ‘ते गुस्तारा एल भरीत’. पण पाहुण्याचे येणे अजून मनातच असेल आणि वाक्यामागे ‘आलास तर’ हे न बोललेले शब्द असतील, तर ‘ते गुस्तारीआ’. ‘आवडेल’च्या आधी मनातल्या मनात ‘तर’ ठेवून पाहावा. तो सहज बसला तर संकेतार्थ, नाहीतर भविष्यकाळ. आपली इच्छा नम्रपणे सांगतानाही संकेतार्थच येतो, कारण ‘तुमची हरकत नसेल तर’ हे तेथे गृहीत असते. दुसऱ्याचे बोलणे सांगताना मात्र ही कसोटी पुरत नाही. ‘त्याला यायला आवडेल, असे तो म्हणाला’ या वाक्यात मराठी ‘आवडेल’ तसेच ठेवते, पण स्पॅनिशमध्ये ‘दिखो के ले गुस्तारीआ बेनिर’ असे होते. याच उपयोगावरून आंद्रेस बेयो या व्याकरणकाराने १८४७ मध्ये या रूपाला ‘भूतकाळानंतरचा’ अशा अर्थाचे नाव दिले होते.

‘आवडले असते’ याचेही दोन भाग होतात. ‘मला थांबायला आवडले असते, पण निघायला हवे’ हे आत्ताचे बोलणे आहे, म्हणून ‘मे गुस्तारीआ केदार्मे, पेरो तेंगो के इर्मे’. संधी निघून गेली असेल तर ‘मे आब्रीआ गुस्तादो बेर एल तापी’, म्हणजे मला तापी पाहायला आवडले असते. (नद्या स्पॅनिशमध्ये पुल्लिंगी असतात, त्यामुळे आपल्या तापीमाईलाही ‘एल’ लागतो.)

दुसऱ्याने काही करावे अशी इच्छा असेल तेव्हा जपून बोलावे. ‘तू आलास तर मला आवडेल’ यातील ‘तर’ पाहून आपण ‘सी’, म्हणजे ‘जर’, वापरायला जातो. स्पॅनिशमध्ये तेथे ‘के’, म्हणजे ‘की’, रूढ आहे: ‘मे गुस्तारीआ के बिनिएरास’. न घडलेल्या गोष्टीसाठी मराठीत ‘आलास’ हे भूतकाळी रूप येते, तसेच ‘बिनिएरास’ हेही भूतकाळी संभावनार्थाचे, म्हणजे इच्छा वा शक्यता सांगणारे, रूप आहे, हे लक्षात घेतले की पाठांतराचे ओझे कमी होते. ‘सी’ वापरायचा तो खऱ्या अटीसाठी, आणि त्याच्या लगेच नंतर संकेतार्थ कधीही ठेवू नये. ‘सी बेन्द्रीआस’ (‘बेनिर’, म्हणजे येणे, याचा संकेतार्थ) हे रूप उत्तर स्पेनच्या काही भागांत बोलण्यात ऐकू येते, पण प्रमाण भाषेत ते चूक धरतात.

इतर भावनांची बरीच क्रियापदे याच वाटेने जातात. आमंत्रण आनंदाने स्वीकारताना ‘मे गुस्तारीआ’ थोडे थंड वाटते, त्यापेक्षा ‘मे एन्कान्तारीआ’ म्हणावे. आनंद होईल, ‘मे आलेग्रारीआ’. दुखेल, ‘मे दोलेरीआ’. भीती वाटेल यासाठी ‘मे दारीआ मिएदो’ आणि लाज वाटेल यासाठी ‘मे दारीआ बेर्गुएन्सा’ म्हणतात. येथे ‘देणे’ या अर्थाचे क्रियापद आपल्या ‘वाटणे’चे काम करते. ‘सेन्तिर’, म्हणजे जाणवणे, हे वर्तमानकाळात ‘सिएन्तो’ असे बदलते, पण संकेतार्थात मूळ रूप तसेच राहून ‘सेन्तिरीआ’ होते. अनियमित आहे ते ‘केरेर’, म्हणजे हवे असणे. त्यातला एक स्वर गळून ‘केर्रीआ’ होते आणि ‘र’ जोरात उच्चारावा लागतो.

सरावासाठी दूरच्या मित्राला हिवाळ्यात शेतावरच्या भरीत पार्टीचे आमंत्रण लिहून पाहावे: ‘मे गुस्तारीआ के बिनिएरास आ जळगाव. सी बिनिएरास एन दिसिएम्ब्रे, ते एन्कान्तारीआ एल भरीत.’ त्याने येण्याचे नक्की कळवले की दुसऱ्या वाक्यातला ‘सी बिनिएरास’ काढून ‘ते एन्कान्तारीआ’चे ‘ते एन्कान्तारा’ करावे.