गॅस गीझर पेटत नसेल तर: घरी काय तपासायचं, कशाला हात लावायचा नाही आणि नवा कसा बसवायचा

पुण्यात गॅस गीझर बंद पडतो तो नेमका डिसेंबर-जानेवारीत. पारा दहाच्या खाली गेलेला असतो आणि घरात कुणाची तरी सातची शाळा असते. आमच्याकडे असंच झालं तेव्हा आलेल्या मेकॅनिकनं झाकणही उघडलं नाही. "काका, याचं आयुष्य संपलं. नवीनच घ्या," म्हणाला. तो गेल्यावर मी स्वतःच पाना घेऊन बसलो. थंड पाण्याच्या नटामागच्या जाळीत चमचाभर वाळू निघाली. आठवड्यापूर्वी सोसायटीनं टाकी धुवून घेतली होती, तिचा हा प्रसाद. तो गीझर अजून चालतोय.

पण पाना उचलण्याआधी गीझर कुठे टांगलाय ते बघा. बाथरूमच्या आत असेल तर दुरुस्तीचा विचारच सोडा, तो आधी तिथून हलवा. साधा हिशेब करू. 6 लिटरचा गीझर पूर्ण जोरात चालला तर दहा मिनिटांत साधारण दीडशे ग्रॅम गॅस जाळतो. एक किलो गॅस नीट जळायला बारा घनमीटरच्या आसपास हवा लागते, म्हणजे एका अंघोळीला जवळजवळ दोन घनमीटर. 5 बाय 7 फुटांच्या, 8 फूट उंच बाथरूममध्ये हवा असते एकूण आठ घनमीटर, आणि तिच्यातच आपला श्वासही चाललेला असतो. हवा कमी पडली की गॅस अर्धवट जळून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. गॅसला मुद्दाम वास दिलेला असतो, याला ना वास ना रंग. डोकं जड होतं, पायातलं बळ जातं, आणि कडी आतून लावलेली असते.

ड्राय बाल्कनी ही चांगली जागा. मात्र स्लायडिंगच्या काचा लावून बंद केलेली बाल्कनी ही खोलीच झाली, तिथे गीझर चालू असताना काच उघडी हवीच. आणि गीझरच्या धुराड्यावरून कपड्यांची दोरी नेऊ नका. हे मी आमच्या घरात सांगून थकलोय.

नळ सोडा आणि ऐका

गीझरच्या पोटातला क्रम एकदा समजला की निम्मं काम होतं. नळ सोडला की पाण्याच्या जोरानं आतला रबरी पडदा सरकतो. तो एक पिन ढकलतो, पिन मायक्रोस्विच हलवते. मग ठिणगीची टिकटिक सुरू होते आणि गॅसचा व्हॉल्व्ह उघडतो. ज्योत लागली की बर्नरजवळची सेन्सरची काडी ती ओळखते. ओळखली नाही तर काही सेकंदांत गॅस बंद.

टिकटिकच येत नसेल तर पहिला संशय सेलवर. खालच्या डबीतले दोन्ही जाडे सेल एकदम बदला, एक जुना एक नवा असं नको. डबीतल्या पट्टीवर पांढरी-हिरवी पूड जमली असेल तर बारीक पॉलिश पेपरनं घासून काढा. तरीही शांतता असेल तर पाणी बघा. गीझरच्या गरम नळाखाली लिटरचं माप धरा. ते भरायला अर्ध्या मिनिटाहून जास्त लागलं तर पडदा सरकण्याएवढा जोर नाही असं समजा. सगळ्यात वरच्या मजल्यावर ही तक्रार नेहमीची, कारण टाकी डोक्यावर जेमतेम तीन मीटर असते आणि दहा मीटरला एक बार या हिशेबानं दाब भरतो 0.3 बार. खालच्या मजल्यावर मात्र अचानक धार बारीक झाली तर जाळीच तुंबलेली असणार. गॅस बंद करा, गीझरचा अँगल कॉक बंद करा, थंड पाण्याचा नट सोडवा, जाळी चिमट्यानं ओढून जुन्या टूथब्रशनं धुवा. बोअरचं किंवा टँकरचं पाणी असेल तर हे दर दोन-तीन महिन्यांनी करा.

पाणी जोरात आहे, सेल नवे आहेत आणि तरी आवाज नाही? मग मायक्रोस्विच गेलाय किंवा पडदा फाटलाय. दोन्ही वस्तू स्वस्त आहेत. जुना स्विच काढून सोबत न्या, पुण्यातल्या तपकीर गल्लीत, विजेच्या सामानाच्या बाजारात, तसाच मिळून जाईल. पडद्यासाठी पाण्याचा भाग पूर्ण उघडावा लागतो, तिथे हात बसलेला नसेल तर मेकॅनिकच बरा.

टिकटिक होते पण पेटत नाही, तेव्हा शेगडी पेटवून बघू नका. तिचा सिलिंडर बहुतेक वेगळा असतो. गीझरचाच सिलिंडर हलवून पाहा, रेग्युलेटर उघडा आहे का पाहा. सिलिंडर नुकताच बदलला असेल तर नळीत हवा असते, दोन-चार वेळा नळ चालू-बंद केल्यावर पेटतो. इथे एक फसवी गोष्ट आहे. अर्धमेल्या सेलवर टिकटिक छान होते, पण व्हॉल्व्ह उघडून धरायला जोर पुरत नाही. म्हणून टिकटिक ऐकूनही सेल बदलून बघाच.

पेटतो आणि लगेच विझतो, तर सेन्सरच्या काडीवर काजळी आहे. गॅस बंद करून, गीझर गार झाल्यावर, पॉलिश पेपर हलकेच फिरवा, काडी वाकवू नका. अंघोळीच्या मध्येच बंद पडला तर घड्याळ बघा, बऱ्याच गीझरमध्ये वीस मिनिटांनी आपोआप बंद होण्याची सोय असते. तो बिघाड नव्हे.

इथे थांबायचं

विझणाऱ्या गीझरवर काही जण सेन्सरच्या वायरी परस्पर जोडून देतात. "चालू झाला ना साहेब!" असं वरून ऐकवतात. असं करू देऊ नका, ज्योत नसताना गॅस बंद करणारी तीच एक वस्तू आहे. ज्योत निळी असायला हवी. ती पिवळी दिसली, धुराड्याला काजळी धरली किंवा पेटताना 'भप्प' आवाज झाला तर गीझर वापरणं बंद करून मेकॅनिक बोलवा. गॅसचा वास आला तर दिव्याचं बटण चालूही करू नका, बंदही नाही. रेग्युलेटर बंद, दारं-खिडक्या उघड्या, आणि बाहेर येऊन 1906 ला फोन.

नवा बसवताना

आतला तांब्याचा डबा गळायला लागला किंवा गॅसचा व्हॉल्व्ह झिरपायला लागला की जुन्यावर खर्च करू नये. घेताना आयएसआय खूण पाहा आणि तुमचा गॅस कोणता ते दुकानदाराला सांगा. एमएनजीएलच्या, म्हणजे पुण्यात घरोघरी पाइपनं गॅस देणाऱ्या कंपनीच्या, पाइप गॅसवर सिलिंडरचा गीझर चालत नाही, नोझलचं भोकच वेगळं असतं.

जुना काढताना रेग्युलेटर सिलिंडरवरून उतरवून ठेवा, पाणी बंद करा, नळ सोडून दाब जाऊ द्या, मगच पाइप सोडवा. खाली बादली ठेवा. नवा जुन्याच भोकांवर बसेल असं धरून चालू नका. मापं घेऊन नवी भोकं पाडा आणि गिट्ट्या ठोकून टांगा. पाण्याच्या नटात वॉशर नवे घाला आणि ते बेतानंच आवळा, पितळी आटे चटकन मरतात. मग गॅस न जोडता पाणी सोडून पाच मिनिटं वाहू द्या, म्हणजे पाइपातला कचरा निघून जातो.

गॅसची जोडणी मात्र एजन्सीच्या माणसाकडूनच करून घ्या, पाइप गॅस असेल तर एमएनजीएलच्या माणसाकडून. केशरी सुरक्षा नळी दीड मीटरपेक्षा लांब नको, शेगडीच्या नळीला टी मारून फाटा काढणं तर नकोच. तो माणूस निघायच्या आत त्याच्यासमोर साबणाचा फेस प्रत्येक जोडावर लावा आणि मिनिटभर बघत राहा. बुडबुडा फुगला तर जोड पुन्हा आवळायचा. काडी पेटवून गळती शोधणारे अजून आहेत, त्यांना घरात घेऊ नका.

नळीवर छापलेली मुदत बघा, साधारण पाच वर्षांनी ती बदलावी लागते. बसवल्याची तारीख मार्करनं गीझरच्या बाजूला लिहा आणि सेल घातल्याची तारीख डबीच्या झाकणावर.