इलेक्ट्रोलायझरवर काम करायचंय? आधी पाणी शिका

इलेक्ट्रोलायझर म्हणजे विजेने पाणी फोडून हायड्रोजन आणि ऑक्सिजन काढणारं मशीन. केमिकलचा डिप्लोमा करून त्याच्या टेस्टिंगला लागलो, तेव्हा वाटायचं सगळी करामत स्टॅकमध्येच, म्हणजे एकावर एक रचलेल्या सेलच्या थप्पीतच असणार. पहिले तीन महिने मात्र मी पाण्याची कंडक्टिव्हिटी (पाण्यातून वीज किती वाहते; जितकी कमी, तितकं पाणी शुद्ध) वहीत लिहीत होतो आणि जोडांवर साबणाचं पाणी मारून बुडबुडे बघत होतो. "काय शिकून येऊ?" असं नवीन पोरं विचारतात, तेव्हा मी याच दोन गोष्टी आधी सांगतो.

1 किलो हायड्रोजनला हिशोबाने 9 लिटर पाणी पुरतं, पण ते अगदी शुद्ध लागतं. एकदा आमच्या पीईएम स्टॅकचं (यात सेलच्या मधे प्लास्टिकसारखा पातळ पडदा असतो) व्होल्टेज चढत गेलं. दर सेलला 1.85 होतं, ते पंधरा दिवसांत 2.05 वर. हायड्रोजन तेवढाच, पण किलोमागे पाचेक युनिट वीज जास्त. पॉवर सप्लाय बघितला, तापमान बघितलं, पाण्याचा कंडक्टिव्हिटी मीटरही चोख आकडा दाखवत होता. शेवटी लाइन हाताने चाचपत गेलो. मीटरच्या पुढे, दुरुस्तीच्या वेळी कुणीतरी साधं लोखंडी निपल (पाइप जोडायचा छोटा तुकडा) बसवलेलं. उघडलं तर आतला तांबूस थर बोटाला लागला. मीटरपर्यंतचं पाणी स्वच्छच होतं, तिथून पुढे लोखंडाचे आयन थेट पडद्यावर जात होते. निपल पाच मिनिटांत बदललं, पडदे मात्र गेले. त्या दिवशी फार वाईट वाटलं.

दुसऱ्या प्रकारच्या, अल्कलाइन मशीनवर पाण्यात 25-30 टक्के कॉस्टिक पोटॅश (खतातलं नव्हे, कातडी भाजणारं) असतं, तेही 70-80 अंशांना. तिथे गॉगलशिवाय उभं राहायचं नाही. सोलरवर चालवताना ढग आले की लोड उतरतो, ऑक्सिजन कमी तयार होतो, पण पडद्यातून पाझरणारा हायड्रोजन तसा कमी होत नाही. ऑक्सिजनमध्ये हायड्रोजन 4 टक्क्यांच्या आसपास गेला की मिश्रण पेट घेऊ शकतं, म्हणून 2 टक्क्यांवरच मशीन बंद पाडतात. हा ट्रिप कुणीही बायपास करायला सांगितला, तरी करू नका.

जानेवारी 2023 मध्ये केंद्राने 19,744 कोटींचं ग्रीन हायड्रोजन मिशन मंजूर केलं, तेव्हापासून सर्टिफिकेट कोर्सचं पीक आलंय. माझ्या मते डीएम प्लांटवर (पाण्यातले क्षार काढणारा प्लांट) किंवा कॉम्प्रेसरवर सहा महिने काढलेला आयटीआय फिटर जास्त कामाचा. बाकी केमिस्ट्री कामावर शिकता येते.

आमच्या घरी ऊस आहे. त्याला पडणाऱ्या युरियाचा अमोनिया ट्रॉम्बे-थळच्या खत कारखान्यांत, नैसर्गिक वायूतून काढलेल्या हायड्रोजनपासून बनतो. त्या पद्धतीने 1 किलो हायड्रोजन काढताना 9-10 किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. तो हायड्रोजन सूर्यावर आणि पाण्यावर निघावा, म्हणून मी या कामात टिकून आहे.

रुजू झालात की पहिल्याच दिवशी पाइपलाइनचं ड्रॉइंग हातात घ्या, टाकीपासून स्टॅकपर्यंत चालत जा आणि मीटर नेमका कुठे बसवलाय ते बघून या.