सायकल टूर: या चुका टाळा, निदान माझ्याबरोबर येताना तरी

दिवाळीचा फराळ संपला की मला फोन यायला लागतात. "दादा, यंदा सायकलवर गोव्याला जायचंय. कोणती सायकल घेऊ?" मी विचारतो, "मोरगावला जाऊन आलास का?" मग पलीकडे शांतता. मोरगाव ही काय टूर झाली का, असा त्या शांततेचा अर्थ.

पहिली चूक तीच. पुण्याहून निघा, दिवे घाट चढा, सासवडला पोटभर खा, जेजुरीवरून मोरगावला पोचा. साधारण ६५ किलोमीटर. तिथेच मुक्काम करा आणि दुसऱ्या दिवशी परत या. एवढं अंतर तर मी रविवारी जाऊन-येऊन करतो, असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. प्रश्न अंतराचा नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे दुखऱ्या बुडाने त्याच सीटवर पुन्हा बसायचं, ओली चड्डी वाळली नसताना सामान पुन्हा बांधायचं आणि तरी निघताना बरं वाटतंय का ते बघायचं, ही खरी परीक्षा. बरं वाटलं तर गोवा कुठे पळून जात नाही. नाही वाटलं तर सुट्टी आणि पैसे वाचले.

किलोमीटर मोजणारे

यांच्यावर माझा विशेष राग आहे, कारण त्यातला एक माझ्या घरातलाच. माझा भाचा. त्याने अलिबाग ते गुहागरचा तक्ता केला होता, दोन दिवसांचा. पहिला मुक्काम हरिहरेश्वर. "मामा, मी सपाटीला तासाला पंचवीसने जातो. रोजचे शंभर-सव्वाशे म्हणजे पाच तास. दुपारी जेवायला हॉटेलवर."

सागरी रस्ता म्हणजे समुद्राकडेने सपाट रस्ता, असं त्याला वाटलं होतं. खाडी आली की रस्ता थेट पाण्यापर्यंत उतरतो, पलीकडे गेलात की सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, चढतो, पुन्हा खाली. सिंहगड एकदा चढला की संपतो. इथला चढ दर खाडीनंतर नव्याने सुरू होतो, आणि वर दमट हवा. घाम वाळतच नाही.

पहिला दिवस त्याने रेटला. आगरदांड्याहून दिघीला नेणाऱ्या बोटीत तो सायकलचा मीटर बघत उभा होता, मागे राजपुरीची खाडी होती हे त्याने नंतर फोटोत पाहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बागमांडल्याच्या धक्क्यावर बोटीला वेळ होता. मी टपरीवर गरम भजी घेतली. हा येरझारा घालतोय. "मामा, अर्धा तास गेला, सगळं ॲव्हरेज पडलं." खाल्लं काय, तर दोन बिस्किटं.

वेसवीला उतरलो आणि हा जो सुटला, तो मला दोन तासांनी केळशीच्या अलीकडे दिसला. चिऱ्याच्या गडग्याला टेकून बसलेला, दोन्ही पोटऱ्यांत गोळे, चेहरा पांढरा. समोरच्या घरातल्या काकूंनी त्याला ओटीवर झोपवलं. मी खिशातली साखरेची पुडी काढत होतो, त्या म्हणाल्या, "गोड नको, थांबा." आणि मीठ घातलेली गरम पेज आणली. वाडगाभर प्यायला, तासभर घोरला. गुहागर राहिलं, आम्ही केळशीतच मुक्काम केला. आज त्याला त्या दिवसाचे किलोमीटर विचारा, आठवत नाहीत. पेजेबरोबर लोणचं कसलं होतं ते सांगतो. करवंदाचं.

माझा हिशेब शास्त्रीय वगैरे नाही. सपाटीला जेवढं जाता त्याच्या निम्मं कोकणात धरा, आणि दिवसाला एकच तर (खाडी ओलांडणारी बोट). म्हणजे एका दिवशी बागमांडला–वेसवी झाली की दाभोळ–धोपावे दुसऱ्या दिवशी. जयगडची तिसऱ्या. अशाने अंजर्ल्याला कड्यावरच्या गणपतीपर्यंत चढायला वेळ उरतो आणि हर्णैच्या बंदरात मासळीचा लिलाव उभं राहून बघता येतो. हे नको असेल तर हायवेने जा, लवकर पोचाल.

पंक्चर काढायची घाई

ही चूक माझी स्वतःची. सातारा रस्त्यावर, खंबाटकी घाटाच्या अलीकडे, मागचं चाक बसलं. ट्यूब बदलली, निघालो. दोन किलोमीटरवर पुन्हा. पॅच मारला. पाव तासात पुन्हा. ट्यूबला आणि ती बनवणाऱ्याला शिव्या दिल्या. तिसऱ्या वेळी टायर पूर्ण काढून आतून बोट फिरवलं तेव्हा टोचली: केसाएवढी तार, जेमतेम तांदळाच्या दाण्याएवढी लांब. ट्रकचे टायर फुटतात, त्यातल्या तारा रस्त्याच्या कडेला पडून राहतात आणि आपण नेमके कडेनेच चालवतो. बाहेरून दिसत नाहीत. आता मी बोटाऐवजी जुन्या बनियनचा तुकडा आतून फिरवतो, तार असली की धागा अडकतो. काढायला नेलकटर. देशावरच्या कच्च्या वाटांवर तारेच्या जागी बाभळीचा काटा, बाकी सगळं तेच.

आणि सोल्युशन. नवशिका हमखास ओल्यावरच पॅच दाबतो. अहो, ते फेविकॉल नाही. पॉलिश पेपरने ट्यूब खरवडा, पातळ थर लावा आणि हात बाजूला ठेवा. तीन-चार मिनिटं. चकाकी गेली, बोट लावल्यावर चिकटलं नाही, की मग पॅच. ही चार मिनिटं ज्याला निघत नाहीत, त्याला पुढे चाळीस मिनिटं चाक ढकलत चालावं लागतं. मी तेवढ्यात एक केळं खातो.

याच्याच शेजारची गोष्ट: तुमच्या नव्या सायकलला बारीक, वर स्क्रू असलेला प्रेस्टा व्हॉल्व्ह असेल, तर गावातल्या पंक्चरवाल्याचा पंप त्याला बसत नाही. मी एकदा असा अडकलो होतो. पंक्चरवाला व्हॉल्व्हकडे बघून म्हणाला, "ही नळी कसली? हवा कुठनं घालायची?" प्रश्न रास्त होता. पितळेचं छोटं टोपण मिळतं, ते चढवलं की मोटारसायकलचा पंप चालतो. माझं घराच्या किल्ल्यांच्या जुडग्यात असतं. बॅगेतल्या "सुरक्षित" कप्प्यात ठेवलेलं वेळेवर सापडत नाही.

बाकीच्या, थोडक्यात

पॅडवाल्या शॉर्टच्या आत चड्डी घालायची नसते. यावर चर्चा नको.

सीटवर जेलचं जाड कव्हर चढवू नका. अर्ध्या तासाचं सुख, मग जास्तच घासतं.

पाठीवर सॅक नको. कॅरियरला दोन्ही बाजूंनी बॅगा लावा, जड सामान खाली. इलॅस्टिकची दोरी वापरलीत तर सुटं टोक नीट अडकवा. उतारावर ते चाकात गेलं की काय होतं ते एकाच्या हनुवटीवर लिहिलेलं आहे.

घाट उतरताना ब्रेक दाबून धरू नका. दाबा, सोडा, दाबा. रिमवर घासणारे ब्रेक असतील तर रिम एवढी तापते की हात लावून बघू नका म्हणून सांगावं लागतं.

भूक लागल्यावर खाणं म्हणजे उशीर झाला. वर भाच्याची गोष्ट आहेच.

महागडी सायकल आल्याशिवाय निघायचं नाही म्हणणाऱ्यांसाठी: १९२३ साली मुंबईहून सहा पारशी तरुण त्या काळच्या सायकलींवर जगप्रवासाला निघाले. त्यातले तिघे, अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा, १९२८ साली प्रदक्षिणा पुरी करून घरी परतले. कार्बन फ्रेम नव्हती. तुम्हाला मोरगावला जायचंय.

आणि परतीचं काय?

यावर कोणी विचार करत नाही. सगळा उत्साह जाण्याचा. मग मडगावहून रात्री फोन: "दादा, सायकल आता परत कशी आणायची?" एसटीच्या टपावर सायकल चढवायचे दिवस गेले, आताच्या बहुतेक गाड्यांच्या टपावर काही बांधायची सोयच नसते. रेल्वेने आणायची तर स्टेशनच्या पार्सल ऑफिसात वेळेच्या बरंच आधी पोचा, तिकीट आणि ओळखपत्राची झेरॉक्स जवळ ठेवा. आणि गाडी तिथे पुरेसा वेळ थांबते का, तिला सामानाचा डबा आहे का, हे तिकीट काढायच्या आधी विचारा, नंतर नाही. पेडल काढून बॅगेत टाका. पंप, बाटल्या, दिवे सुद्धा काढा. दोन पुठ्ठ्यांवर नाव आणि कुठून-कुठे ते जाड पेनाने लिहा आणि सुतळीने दोन ठिकाणी बांधा. एक वाटेत पडतो.