वजनकाट्याचा कॉम पोर्ट पॉवरशेलमधून कसा शोधावा
भाऊ, जिनिंगवर कापसाच्या गाड्यांची रांग लागली अन् काट्याचं वजन कॉम्प्युटरवर येईना, तर आधी कॉम पोर्ट, म्हणजे काट्याची केबल जिथं जोडली त्या जोडणीला विंडोजनं दिलेला नंबर, पाहा. पॉवरशेल (विंडोजमधली कमांड टाइप करायची खिडकी) उघडा, गेट-सिमइन्स्टन्स टाका, स्पेस देऊन विन३२_सिरियलपोर्ट, एंटर मारा (टाइप इंग्रजीतच करा बरं: Get-CimInstance Win32_SerialPort), कॉम१ वगैरे दिसते. पण यूएसबी-टू-सिरियल केबल असली तर बरेचदा ती यात येतच नाही अन् माणूस उगाच केबल बदलत बसते, म्हणून मंग त्याच कमांडमध्ये विन३२_सिरियलपोर्टच्या जागी विन३२_पीएनपीएन्टिटी (Win32_PnPEntity) टाका, नावाच्या शेवटी कंसात कॉम नंबर रायते, आमच्या काट्याचा कॉम५ निघाला. केबल दुसऱ्या यूएसबीत लावली का नंबर बदलू शकते, तवा त्या पोर्टवर पट्टी चिकटवून नंबर लिहूनच ठेवा. विन३२_पोर्टकनेक्टर मदरबोर्डवरचे पोर्ट सांगते, पण ती माहिती बायोसमधून (मदरबोर्डवरचा, कॉम्प्युटर सुरू करणारा प्रोग्राम) येते, त्यावर पूर्ण भरवसा नको.