चालक-मालक व्हायचंय? आधी गाडी ड्रायव्हरचा पगार काढते का ते बघा

ट्रक घ्यायचा की नाही, हे फायनान्सवाल्याच्या टेबलावर बसून ठरवू नका. घरी, वही उघडून, नवरा-बायकोनं मिळून ठरवा. कारण कर्जाच्या कागदावर बहुतेक वेळा सही दोघांची असते.

आमची दहा टायर गाडी आहे. चालवतात हे, हिशोब ठेवते मी. शिरोली आणि कागल एमआयडीसीतलं कास्टिंग (ओतीव लोखंडी भाग) जास्त, हंगामात साखरेची पोती. मार्ग मुख्यतः कोल्हापूर-बेंगळुरू. नात्यातली, गल्लीतली ड्रायव्हर पोरं गाडी घ्यायच्या आधी माझी वही बघायला येतात. त्यांना जे सांगते तेच इथं लिहिते.

बहुतेक जण हिशोब असा मांडतात: महिन्याचं भाडं इतकं, त्यातून डिझेल, टोल आणि हप्ता वजा, उरलं ते आपलं. या हिशोबात ड्रायव्हरचा पगारच नाही. आज दुसऱ्याच्या गाडीवर तुम्ही महिना २५ हजार आणि वर भत्ता घेता. मग स्वतःच्या गाडीवर तीच मेहनत फुकट का धरायची? खर्चाच्या यादीत पहिली ओळ स्वतःच्या पगाराची लिहा. पगार निघाला, टायरचे पैसे बाजूला पडले, हप्ता गेला आणि त्यावर काही राहिलं, तर तो मालकाचा नफा. पगारच निघत नसेल तर तुम्ही मालक झाला नाहीत, कमी पगारावर फायनान्स कंपनीची गाडी चालवताय.

एक नमुना मांडते. आकडे धरलेले आहेत. तुमच्या मार्गाचे तुम्ही घाला, पण ओळ एकही गाळू नका.

जुनी दहा टायर, किंमत १८ लाख. पदरचे ५ लाख, कर्ज १३ लाख, व्याज १४ टक्के, मुदत ४ वर्षं. हप्ता साधारण ३५,५०० रुपये. महिन्याची धाव ६,००० किलोमीटर, त्यातले ७०० रिकामे. भरलेल्या ५,३०० किलोमीटरला सरासरी ५० रुपये भाडं धरलं तर जमा २,६५,०००.

आता खर्च (पगाराची ओळ शेवटी ताडून बघू):
डिझेल (लिटरला ४ किलोमीटर, भाव ९० रुपये): १,३५,०००
टोल: २४,०००
युरिया, म्हणजे बीएस-६ (नव्या प्रदूषण नियमाच्या) गाडीत धूर स्वच्छ करायला लागणारं डीईएफ: ४,०००
दलाली, हमाली, वाराई (माल भरणं-उतरवणं): ८,०००
रस्त्यावरचं जेवण, पार्किंग, पंक्चर: १०,०००
टायरसाठी बाजूला: १५,०००
सर्व्हिसिंग, पाटे (गाडीच्या स्प्रिंगा), क्लच, ब्रेक: ९,०००
विमा, टॅक्स, परमिट, पासिंग म्हणजे आरटीओची फिटनेस तपासणी (वर्षाचे भागिले बारा): ९,०००

बेरीज २,१४,०००. उरले ५१,०००. हप्ता गेला की १५,५००.

पगार २५ हजार होता, इथं साडेपंधरा आले. यावर पोरं म्हणतात, "काकी, पण चार वर्षांनी गाडी आपली होतीय की." होतीय, खरं आहे. तेही मांडून बघू. महिन्याला ९,५०० कमी घेतले, चार वर्षांत ४,५६,००० सोडले. पदरचे ५ लाख घातले. मिळून ९,५६,०००. शेवटी ती गाडी १० लाखांना गेली असं धरलं, तर चार वर्षांच्या जागरणाचे आणि जोखमीचे मिळाले ४४ हजार. आणि या चार वर्षांत एकदाही इंजिन उघडावं लागलं नाही, हे धरून.

तरीही हा धंदा करू नका असं मी म्हणत नाही. याच हिशोबात रिकामे किलोमीटर ७०० वरून ३०० वर आणा. धाव तीच, डिझेल जवळजवळ तेच, पण जमा २० हजारांनी वाढते. पगाराचे २५ हजार निघून वर साडेदहा हजार नफा राहतो. म्हणजे सगळा खेळ परतीच्या भाड्याचा आहे. म्हणून गाडी बघायच्या आधी भाडं बघा. जाताना माल कोण देणार आणि येताना कोण देणार, ही नावं वहीत लिहिता आली पाहिजेत. "गाडी आली की भाडं मिळतंच" असं सांगणारा माणूस बहुतेक वेळा गाडी विकणारा असतो. ज्या ट्रान्सपोर्टकडं आज तुम्ही नोकरीची गाडी घेऊन जाता, त्यांनाच विचारा: माझी गाडी लावली तर महिन्याला किती खेपा पक्क्या? डिझेल वाढलं तर दर वाढवून देणार का? दुसऱ्या प्रश्नाला जो सरळ उत्तर देतो, त्याच्याशी व्यवहार करता येतो.

काही जण हाच हिशोब ओव्हरलोड धरून जमवतात. तीन अ‍ॅक्सलच्या दहा टायर गाडीचं एकूण पासिंग, म्हणजे गाडी आणि माल मिळून परवानगी असलेलं वजन, २०१८ पासून २५ वरून २८.५ टन झालं. रिकामी गाडी काट्यावर दहा टनांच्या आसपास बसते, म्हणजे माल साधारण १८ टन. हिशोब १८ टनांवर बसत नसेल आणि २४ वर बसत असेल, तर तो बसत नाही असंच समजा. दंड सरळ २० हजार आणि वर प्रत्येक जादा टनाला २ हजार. सहा टन जादा म्हणजे ३२ हजार, शिवाय जादा माल तिथंच उतरवायचा. पाटे, टायर आणि घाटातले ब्रेक यांचं नुकसान वेगळंच. खंबाटकी उतरताना सहा टन जादा असलेल्या गाडीत माझा माणूस बसलेला मला नको आहे.

आता पैसे हातात कधी येतात ते. बाजारातल्या भाड्याला निघताना अ‍ॅडव्हान्स मिळतो आणि बाकी पोच, म्हणजे माल पोचल्याचा सही-शिक्क्याचा कागद, आल्यावर. कंपनीच्या कामाला दर बरा असतो, पण बिल एक-दोन महिन्यांनी निघतं. डिझेलवाला आणि फास्टॅग मात्र थांबत नाहीत. वरच्या नमुन्यात दोन महिन्यांचं डिझेल आणि टोल मिळून तीन लाखांच्या वर जातात. हे पैसे डाउन पेमेंटपेक्षा वेगळे हवेत. पाच लाख जमलेत आणि पाचही गाडीत घातले, तर पहिल्याच महिन्यात उसनवारी सुरू होते.

पोच हा कागद नीट समजून घ्या, कारण बाकीचे पैसे त्याच्यावरच निघतात. गाडी गेटवर लागली की तिथल्या नोंदवहीत पडलेली तारीख आणि वेळ बिल्टीच्या (ट्रान्सपोर्टच्या मालपावतीच्या) मागं लिहून घ्यायची, सिक्युरिटीची सही आणि शिक्का घ्यायचा. खाली झाल्यावर दुसरी वेळ, दुसरी सही. शिक्का पुसट उठला तर पुन्हा मारून मागायचा. नग कमी किंवा माल ओला असा शेरा कुणी लिहायला लागलं, तर सही व्हायच्या आधी मालाचे फोटो काढायचे आणि ट्रान्सपोर्टला तिथूनच फोन लावायचा. मग दोन्ही बाजूंचा फोटो घरी पाठवायचा. होसूरच्या एका गोदामावर आमची गाडी शुक्रवारी दुपारी लागली आणि सोमवारी खाली झाली. बुकिंग करणारा म्हणाला, गाडी रविवारी रात्री पोचली. मी त्याला मागच्या बाजूचा फोटो पाठवला, शुक्रवार, गेटची वेळ, शिक्का. हॉल्टिंग, म्हणजे गाडी उभी ठेवल्याचे पैसे, मिळालं.

भाडं ठरवतानाच विचारायचं: हॉल्टिंग किती तासांनंतर सुरू आणि दिवसाला किती? हमाली कुणाची? "ज्याचा माल त्याचा हमाल" ही मागणी आपल्याकडच्या संघटना कितीतरी वर्षं लावून धरताहेत आणि ती योग्यच आहे, पण गेटवर ऐन वेळी भांडून उपयोग होत नाही. आधी मेसेजवर लिहून घ्यायचं. ई-वे बिलाची (मालासोबतच्या जीएसटीच्या ऑनलाइन कागदाची) मुदतही निघताना बघायची. दर २०० किलोमीटरला एक दिवस मिळतो. गाडी बंद पडली तर लगेच कळवायचं, कारण मुदत संपण्याच्या आधीचे आणि नंतरचे आठ तास एवढ्यातच ती वाढवून घेता येते.

विम्याचं मी जरा जोर देऊन सांगते, कारण हे ड्रायव्हरपेक्षा त्याच्या बायकोनं वाचायला हवं. थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. २०२२ च्या दरपत्रकात २० ते ४० टनांच्या गाडीला त्याचा हप्ता ४३,९५० रुपये ठरला. एवढे पैसे भरले म्हणजे आपलंही सगळं सुरक्षित, असं घरोघरी वाटतं. पण तो विमा आपल्या गाडीमुळं दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याला भरपाई देण्यासाठी आहे. पगारी ड्रायव्हरला अपघात झाला तर मालकावर भरपाईची जबाबदारी येते. चालक-मालकाला मालकच नाही. तो स्वतः डिव्हायडरला धडकला तर थर्ड पार्टीतून घरच्यांना काही मिळत नाही. त्यासाठी मालक-चालकाचा वैयक्तिक अपघात विमा वेगळा असतो, १५ लाखांचा. त्याचा हप्ता शेकड्यांतच असतो. पॉलिसीत ती ओळ आहे का, आणि वारस म्हणून कुणाचं नाव आहे, हे बायकोनं स्वतः वाचावं. तो विमा मिळायला ड्रायव्हिंग लायसन्स चालू असावं लागतं. ट्रान्सपोर्ट लायसन्स पाच वर्षांनी नूतनीकरणाला येतं, ती तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. आणि कर्जाच्या रकमेएवढा टर्म इन्शुरन्स वेगळा काढा. नाहीतर माणूस जातो आणि हप्ता घरात राहतो.

आजारपणही असंच. मालक तापानं झोपला तरी हप्त्याची तारीख येतेच. तीन महिन्यांचे हप्ते मुदत ठेवीत बाजूला असावेत. गाडी आठ दिवस सोपवता येईल असा एक तरी भरवशाचा ड्रायव्हर ओळखीत हवा. त्याला पगार द्यावा लागेलच. पहिल्या ओळीत तुमचा पगार धरला असेल तर तो तिथूनच जाईल.

जुनी गाडी बघायला सकाळी लवकर जा, इंजिन गार असताना. मालकानं आधीच गरम करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी परत या. सुरू करून ऑइलचं झाकण उघडा, धूर जोरात बाहेर ढकलला जात असेल तर इंजिन बॅक मारतंय, म्हणजे आतून झिजलंय. मग खाली वाका. मागच्या पाट्यांच्या ब्रॅकेटजवळ चेसिसवर नवा रंग किंवा वेल्डिंग दिसलं, तर गाडी जन्मभर ओव्हरलोड चाललीय. पुढचे टायर एकाच कडेला खाल्लेले असतील तर अलाइनमेंट तरी गेलंय किंवा अ‍ॅक्सल तरी वाकलाय. आपला मिस्त्री बरोबर न्या, विकणाऱ्याचा नको. कागद वाहन पोर्टलवर तपासा: बँकेचा बोजा, थकलेली ई-चलनं, टॅक्स, पासिंगची तारीख. आठ वर्षांपर्यंत पासिंग दोन वर्षांनी होतं, नंतर दर वर्षी. दोन अ‍ॅक्सलच्या गाडीला १२ वर्षांनंतर नॅशनल परमिट मिळत नाही, मल्टी-अ‍ॅक्सलला १५ नंतर. कर्ज फिटायच्या आधीच परमिटचं वय संपत असेल, तर ती गाडी स्वस्त नाही.

कराची भीती मात्र बाळगू नका. दहापर्यंत गाड्या असणाऱ्याला गृहीत उत्पन्नाची सोय आहे, आजवर ४४-एई म्हणून ओळखली जाणारी. जड गाडीला एकूण वजनाच्या दर टनामागं महिना १,००० रुपये उत्पन्न धरतात. २८.५ टनांना वर्षाचे ३,४२,००० झाले. रिटर्न भरा, पुढच्या कर्जाला उपयोगी पडतं. आणि दहापेक्षा जास्त गाड्या नाहीत असं लिहून पॅन नंबरासह ट्रान्सपोर्टला दिलं, की भाड्यातून टीडीएस कापला जात नाही.

हे सगळं मांडून हिशोब जमला, दोन्ही बाजूंच्या भाड्याची नावं लिहिता आली, तर बेलाशक गाडी घ्या. चांगला ड्रायव्हर स्वतःची गाडी जशी जपतो तशी दुसरा कुणी जपत नाही. डिझेलमध्ये, टायरमध्ये ते दिसतं, आणि आमच्या घरात मी ते बघितलंय.

नसेल जमत, तर नोकरी लगेच सोडू नका. आहे त्या गाडीवर एक पूर्ण वर्ष वही ठेवा: प्रत्येक खेपेचं भाडं, वजन, डिझेल, टोल. मालक भाडं सांगत नसेल तर बिल्टीवर किंवा दलालाकडून कळतं. वर्ष पूर्ण धरायचं ते पावसाळ्यातली मंदी आणि मार्चअखेरची घाई दोन्ही त्यात याव्यात म्हणून. आणि त्या वहीत एक रकाना गाडी किती तास उभी होती याचा ठेवा, भरताना किती, खाली करताना किती, परतीच्या भाड्याची वाट बघत किती. वर्षअखेरीस सगळ्यात आधी त्याच रकान्याची बेरीज करा.