वाकडं झालेलं कागदी जहाज सरळ केलं, त्याचा अनुभव

कागदाच्या लगद्याचं शिडाचं जहाज सुकल्यावर पिळवटलं. पुढचं टोक डावीकडे, मागचं उजवीकडे. चूक माझ्या घाईची होती. एकाच दिवशी सहा थर चढवले आणि सगळ्या पट्ट्या लांबीतच चिकटवल्या. कागद सुकताना आकसतो. बाहेरची बाजू आधी सुकली, आतली ओलीच राहिली, मग सांगाडा ओढला जाणारच.

फेकून द्यायचा जीव होईना. ओल्या फडक्याने आतून दमट केलं, तासाभरात कागद मऊ पडला. मग पुठ्ठ्याचे पाच आडवे तुकडे पोटात बसवले, खऱ्या जहाजाच्या फासळ्यांसारखे, आणि बाहेरून सुतळीने आवळून दोन दिवस सावलीत ठेवलं. उन्हात अजिबात नाही! वरून दोनच थर दिले: एक आडवा, तो पूर्ण सुकल्यावर एक तिरपा. आता टोकाला टोक जुळतं.

शिडांसाठी पातळ कागद पाणी घातलेल्या गोंदात भिजवून फुगवलेल्या फुग्यावर पसरला. सुकल्यावर वारा भरल्यासारखी गोलाई येते, ती बघताना फार समाधान वाटतं. डोलकाठ्या मात्र रंगकाम संपल्यावरच रोवा.